पेटी फक्त देव उघडतो

१ सप्टेंबर १९९६, रविवार
चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. मुलांचा वर्ग घेणाऱ्या कुमुदताई यजमानांच्या बदलीमुळे नागपूरला गेल्या. वर्गात उरली सहा मुलं, त्यांत आमची लतिका एक. नाताळपर्यंत वर्ग नीट उभा राहिला नाही, तर मुलांना शेजारच्या हिंदी वर्गात बसवायचं, असं कमिटीनं ठरवलंय. म्हणजे फरीदाबादच्या आमच्या मंडळीतली मुलं मराठीत प्रार्थना करायची ती शेवटची. पाळकसाहेबांनी विचारलं, घ्याल का. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो.

विषय मीच निवडला: अडचणीत देवाकडे मदत कशी मागावी. सोपा आहे आणि मुलांना आयुष्यभर पुरेल.

घरी सुमित्रानं विचारलं, काही मदत करू का. ती चौदा वर्षं नर्सरीच्या मुलांना शिकवते. नको म्हणालो. तिला आठवडाभर पोरांचाच धुमाकूळ असतो, रविवारीही कशाला. शिवाय मी दिल्लीला केंद्राच्या मंत्रालयात बावीस माणसांचा सेक्शन चालवतो. ही तर सहाच.

७ सप्टेंबर, शनिवार
सकाळपासून तयारी. मुलांसाठी नमुना प्रार्थना लिहिली. चौदा ओळी. आमच्या वडिलांच्या वेळचं भारदस्त मराठी आलं पाहिजे, असा कटाक्ष ठेवला. लतिकाला वाचून दाखवली. ती सात वर्षांची आहे. तिनं विचारलं, साहाय्य म्हणजे हेल्प का. हो म्हणालो. मग हेल्पच का नाही लिहिलं, हा तिचा पुढचा प्रश्न. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं हेच व्हायचं. वर्गाची किती गरज आहे, ते यावरून दिसतं.

८ सप्टेंबर, रविवार
पहिला वर्ग. एकंदर यशस्वी.

पाण्यावरून चालता चालता पेत्र बुडू लागतो आणि येशूला हाक मारतो, ती गोष्ट घेतली. कृतीसाठी घरून प्लास्टिकचा टब नेला. मुलांनी कागदाच्या होड्या सोडायच्या, मी पाणी हलवून वादळ करायचं, मुलांनी वाचवा म्हणायचं. वादळ जरा जास्त झालं. पाणी हॉलच्या सतरंजीवर गेलं. सतरंजी हिंदी मंडळीची आहे, त्यांची उपासना साडेअकराला. मुलं पुसायला धावली, पण चांगले कपडे खराब होतील म्हणून मी त्यांना बसवून ठेवलं आणि एकट्यानंच पुसली. त्यात चाळीस मिनिटं गेली. मुलं शांत बसून पाहत होती. शिस्त चांगली आहे.

अविनाश पाच वर्षांचा. त्यानं विचारलं, पेत्र मासे पकडायचा ना, मग त्याला स्विमिंग कसं नाही येत. पुढच्या वेळी सांगतो म्हणालो. घरी येऊन तीन पुस्तकं पाहिली. कुठेच नाही.

१५ सप्टेंबर, रविवार
आज पाच मुलं. प्रभाला ताप आहे म्हणे.

रस्त्याकडेला बसून मदतीसाठी ओरडणारा आंधळा भिकारी. कृती: एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्यानं बाकीच्यांना वाट विचारत हॉल पार करायचा. तत्त्व असं की विचारल्याशिवाय वाट मिळत नाही. मुलं बिचकत होती, म्हणून आधी मी पट्टी बांधून दाखवलं. आता हॉल मला अकरा वर्षं माहीत आहे, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतं. हार्मोनियम गेल्या आठवड्यात सरकवल्याचं कुणी सांगितलं नाही. मुलं ओरडत होती, काका, राइट, राइट, पण मी ते खेळातलं ओरडणं समजलो.

नडगीवर सुमित्रानं हळद लावली. खेळाचा अर्थ मुलांना कळला का, विचारलं. मी म्हणालो, पूर्ण.  पुढच्या रविवारी क्ले घेऊन येऊ का, असं तिनं विचारलं. क्लेनं हात चिकट होतात. नको म्हणालो.

२२ सप्टेंबर, रविवार
आज सुचलेली गोष्ट अपूर्व आहे. प्रार्थनेची पेटी.

बुटांच्या खोक्याला सोनेरी कागद लावला, वर फट कापली. मुलांनी देवाकडे जे मागायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. नाव घालायचं नाही. जे लिहू शकत नाहीत त्यांनी घरून लिहवून आणायचं. गंभीर आवाजात सांगितलं, ही पेटी फक्त देव उघडतो. मुलं पेटीजवळ सरकून बसली. अविनाशनं तेवढं विचारलं की चावी देवाकडे आहे का.

२४ सप्टेंबर, मंगळवार
पेटी घरी कपाटावर आहे. शिक्षकाला मुलांची प्रगती कशी कळणार, हा प्रश्न ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये जाता-येता छळत राहिला.

संध्याकाळी बूड ब्लेडनं उघडलं.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: हा मुलांचा विश्वासघात आहे का? उत्तर: वाचणारा देवच आहे, मी फक्त सोबत वाचतोय. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं. तेव्हा उत्तर इतकं स्वच्छ आलं नाही, म्हणून विचारणं थांबवलं.

चिठ्ठ्या चार. एकीत सायकल. एकीत मॅथ्सची टेस्ट कॅन्सल होऊ दे. एकीत नुसतं कुत्र्याचं चित्र. चौथी वाचून मात्र गलबललो: ‘देवा, बाबांना संडेला सुट्टी दे. प्लीज प्लीज.’

म्हणजे आपल्या सहा मुलांतल्या एकाचा बाप रविवारीही राबतोय, आणि इतकी वर्षं एका बाकावर बसून आम्हांला पत्ता नाही. या मुलाला देवानं उत्तर द्यायला हवं. देव माणसांमार्फत काम करतो. जवळचा माणूस मीच.

२६ सप्टेंबर, गुरुवार
चिठ्ठीचा बारकाईनं विचार केला. कागद पिवळा, सरकारी नोटशीटचा. कुणीतरी ऑफिसचा कागद घरी आणतं आणि मुलं त्यावर लिहितात. मन खट्टू झालं. आमच्याकडेही असा एक गठ्ठा आहे, पण तो रद्दीतला आहे.

तरी संशय अविनाशच्या वडिलांवर जातो. भाऊसाहेब मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. पहाटे कंपनीची बस. उपासनेला कधी दिसतात, कधी नाही. त्यांच्याकडे सरकारी कागद कुठून येणार, हा मुद्दा राहतो. आणि अविनाश त्यांना पप्पा म्हणतो. पण देवासमोर मुलं जरा अदबीनं बोलतात. माझ्याच शिकवणीचा परिणाम असू शकेल.

६ ऑक्टोबर, रविवार
तीन मुलं. परीक्षा जवळ आल्यात.

चौदा ओळींची प्रार्थना पाठ म्हणवून घेतली. एकालाही सहाव्या ओळीपुढे जाता आलं नाही. लतिका दुसऱ्या ओळीला खिडकीबाहेर पाहू लागली. वर्गानंतर पाळकसाहेब चहा घेताना म्हणाले, दिनकरराव, आमच्या सौभाग्यवती म्हणत होत्या की सुमित्राबाईंना घ्या मदतीला, त्यांचा हातखंडा आहे. मी म्हणालो, तशी वेळ आलीच तर जरूर. ते माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले.

सुट्टीच्या प्रश्नावर मसुदा तयार केला. कामगार आणि साप्ताहिक विश्रांती, दोन पानं. भाऊसाहेबांच्या मॅनेजरला द्यायचा, नाव न घालता.

१३ ऑक्टोबर, रविवार
दोन मुलं. लतिका आणि अविनाश.

संध्याकाळी मसुदा खिशात घालून भाऊसाहेबांच्या घरी गेलो. अर्धा तास कांदेपोहे, बटाट्यांचे भाव, नगरची थंडी. मग हळूच म्हणालो की माणसानं रविवारी घरच्यांना वेळ द्यावा, मुलं बोलत नाहीत पण त्यांना लागतं. भाऊसाहेबांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, प्लांटला रविवारी कुलूप असतं, मी दुपारपर्यंत झोपतो, म्हणून तर उपासना चुकते. मी म्हणालो, खरं सांगा, संकोच नको. तेव्हा ते हसले.

“अहो दिनकरराव, रविवारी आठ वाजता पिशव्या भरून कामाला निघणारा आपल्यात एकच माणूस आहे. तुम्ही.”

मी पण हसलो. घराच्या वळणापर्यंत हसत आलो.

घरी आल्यावर टेबलावर लतिकाचा गृहपाठ पडलेला. पिवळ्या नोटशीटवर.

१४ ऑक्टोबर, सोमवार
ऑफिसात लक्ष लागलं नाही. एकच फाइल दोनदा वर पाठवली.

पोरगी देवाकडे बाप मागतेय, आणि बाप दुसऱ्यांच्या बापांचे मसुदे करतोय. शनिवारी तयारी, रविवारी वर्ग, येऊन झोप. तिच्याशी शेवटचं कधी खेळलो? आठवेना. डोळे भरून आले. चार्टर्ड बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, सब ठीक है जी? बिल्कुल, म्हणालो.

निर्णय घेतला. वर्ग माझ्या आयुष्याचं कार्य होऊ शकला असता. पण मुलीसाठी सोडेन.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
सुमित्राला सांगितलं की काही रविवार तिनं वर्ग घेतला तर तिलाही बदल होईल. चिठ्ठीचं सांगितलं नाही. पेटी उघडल्याचं सांगावं लागलं असतं. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की मला थोडं लागलं. चौदा ओळींची प्रार्थना तिला देऊ केली. ठेवा तुमच्याकडेच, म्हणाली, प्रेमानं.

पाळकसाहेबांना फोन केला. मला वाटलं, समजूत घालतील. अच्छा, अच्छा, उत्तम, असं तीनदा म्हणाले.

१९ ऑक्टोबर, शनिवार
उद्याचा बेत: लतिकाला बडखल तलावावर न्यायचं, बोटीत बसवायचं, परतताना सॉफ्टी आइस्क्रीम. तिला सांगितलेलं नाही. सकाळी एकदम सांगायचं. तिची प्रार्थना फळाला आली, ते तिला तिथं पाण्यावर हळूच कळेल. त्या वेळी मी काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलंय.

२० ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.१०
साडेआठला उठलो तर लतिका बूट घालून दारात. हातात क्लेचा डबा. मी म्हणालो, आज मला सुट्टी आहे, आपण दोघं बडखलला जाऊ. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, आज आईचा क्लास आहे ना बाबा, आज कसं जाऊ? प्रभाला पण फोन केलाय. सगळ्यांना केलाय.

गेल्या दोघी. दारातून वळून तिनं हात हलवला. खुशीत होती.

चहा केला. साखर कुठे असते ते सापडलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी २
नऊ मुलं आली होती म्हणे. हिंदी वर्गातली तीन धरून. क्लेचे पेत्र केले, सगळे बुडवले, सगळे हात धरून वर काढले. मग प्रत्येकानं आपापल्या शब्दांत एकेका ओळीची प्रार्थना केली. अविनाशनं देवाला आपल्या पप्पांना लवकर उठव म्हणून सांगितलं. पाळकसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. नाताळपर्यंत सुमित्राबाईंनीच घ्यावा, म्हणाले, कमिटीशी मी बोलतो. वर्ग वाचला.

मला आनंद झाला. खरोखर झाला. तपासून पाहिलं.

जेवताना लतिका शेजारी येऊन बसली. सुट्टीत काय काय केलं, विचारलं. पेपर वाचला म्हणालो. आवडली का सुट्टी, विचारलं. हो म्हणालो, तिला बरं वाटावं म्हणून. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“अजून पाहिजे तर सांगा हं बाबा. मी मागते.”