चार कप्प्यांची रांगोळी

वन्सं,

तुमच्या नावाआधी 'प्रिय' लिहायला हात वळत नाही.

हर्षालीच्या डोक्यात वाचलेलं टिकत नाही, बघितलेलं ती विसरत नाही. तिची सख्खी आत्या आणि विज्ञानाच्या बाई, दोन्ही तुम्हीच, म्हणून हे तुम्हाला दहादा सांगितलं. तरी सहामाहीत रक्ताभिसरणाच्या प्रश्नाला तिने अख्खं हृदय काढून बाणांनी रक्त फिरवून दाखवलं, तर तुम्ही शून्य दिलंत. वर शेरा मारलात, 'हा चित्रकलेचा तास नाही. उत्तर पूर्ण वाक्यात लिहा.'

भाऊबीजेला आमच्याकडे इंदिरानगरला आलात. दारात तिने रांगोळी काढली होती. चार कप्पे, दोन निळे, दोन लाल, भोवती बाण आणि मधे पणत्या. "अगंबाई, किती सुरेख डिझाईन!" म्हणत तुम्ही रांगोळीशेजारी बसून फोटो काढून घेतलात, घरच्या ग्रुपवर टाकलात. मग ओवाळणी पर्समध्ये ठेवता ठेवता भावाला म्हणालात, "दादा, पोरगी मंद आहे रे." ती फराळाचं ताट घेऊन तुमच्याच समोर उभी होती.

ते हृदय होतं, वन्सं. तुम्ही शून्य दिलेलं, तेच.

"आत्याला सांगू का?" असं ती विचारत होती. मी नको म्हटलं. हे पत्रही पाठवणार नाही, कारण मार्चपर्यंत तिला तुमच्याच वर्गात बसायचंय. पण फोटो ग्रुपवर आहे. बघा आणि ओळखा.

उत्तर पूर्ण वाक्यात लिहा.

हर्षालीची आई,
सविता