माझ्या म्हशीचा आवाज

मी, मालुबाई रवळू होनगेकर, वय एकाहत्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार कडोली, तालुका व जिल्हा बेळगाव, पूर्ण शुद्धीत आणि थोडी रागातही हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. येत्या सोमवारी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जिवाला फारसा धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. वकिलांनी दिलेल्या मसुद्यात आवाजाला कलमच नव्हतं, म्हणून तो बाजूला ठेवला. माझ्याकडून दमदाटीनं काही लिहवून घेईल असा माणूस कडोलीत अजून जन्मायचा आहे, त्यामुळे तशी शंका कोणी घेऊ नये.

कलम १. राहते घर व परस माझी मुलगी मंगल, दिलेली निपाणीला, हिला. मात्र सोप्याशेजारची खोली माझा पुतण्या आदर्श याला, तो चित्रपट करतो आहे तोवर, विनातक्रार वापरू द्यावी. मंगलनं धान्याची पोती ठेवायचं निमित्त काढू नये. मी तिला ओळखते.

कलम २. बोरमाळ नातू साईराज याच्या बायकोला, ती येईल तेव्हा. साईराज जेवताना मोबाईलवर आमच्या म्हशीचा चित्रपट लावतो, तोही कन्नडमधला. मी म्हटलं, "अरे, तुझ्या आज्जीच्या आवाजातला मराठी हाय की." तर म्हणतो, "त्यातली म्हैस रागावल्यासारखी बोलती." बोरमाळ देतेच आहे, पण हे विसरलेले नाही.

कलम ३. हे चित्रपट काय आहेत ते लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आदर्श दिवसा उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर असतो. सुट्टीच्या दिवशी तो आणि निपाणीची पारमिता कांबळे मिळून लहान मुलांसाठी छोटे कार्टून चित्रपट करतात. चित्रं पारमिता काढते. एक म्हैस आणि एक गायबगळा यांची दोस्ती. ती जड, तो हलका. तिला चिखल प्यारा, त्याला आभाळ. आपल्यासारखं नसलेल्यावरही माया करावी, असा धडा. धडा चांगला आहे, पाळायला जड जातो.

मराठीतली म्हैस मी. कन्नडमधली नागव्वा. नागव्वा बैलहोंगलकडची, आमच्या गावात दिलेली, अंगणवाडीत माझी मदतनीस. बाहेरच्या बसचा आवाज आत येऊ नये म्हणून सोप्याशेजारच्या त्या खोलीत दोरीवर जुन्या लुगड्यांच्या वाकळा टांगायच्या आणि आत घामानं निथळत बोलायचं. आधी माझी पाळी. नागव्वा शेजारी मांडी घालून ऐकत बसायची. मी अडखळत, चुकत वाट पाडायची, आणि ही मागून त्याच वाटेनं ऐटीत चालत यायची. मग कन्नडमधली म्हैस चांगली होईल नाहीतर काय?

कन्नड चित्रपट शाळाशाळांतून दाखवतात. रस्त्यानं पोरं तिला "एम्मी अज्जी" म्हणून हाक मारतात. एम्मी म्हणजे म्हैस. मला आजवर कोणी म्हैस म्हटलेलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. हसायचं त्यांनी हसावं.

कलम ४. ही जुनी तक्रार आदर्शच्या नावे. तिसऱ्या चित्रपटात बगळा उडून जातो आणि म्हैस तळ्याकाठी रडते. मला रडू येईना. नवऱ्याच्या मयतालाही मी चारचौघांत रडले नाही, तिथं बगळ्यासाठी काय रडणार? नागव्वाला मात्र लगेच आलं. पुढं निपाणीच्या एका शाळेत मराठी चित्रपट दाखवला. म्हैस माझ्या आवाजात बोलली आणि नागव्वाच्या आवाजात रडली. मी खुर्चीत ताठ झाले. आदर्शला गाठलं तर म्हणतो, "काकी, रडण्याला कुठली भाषा आलीया? बेमालूम बसलंय की." पारमिता तेवढी खाली बघून म्हणाली, "मावशी, तुम्हाला विचारायला पाहिजे होतं." तेवढ्यात बायका येऊन माझे हात धरायला लागल्या. "लई रडिवलासा बघा आम्हाला."

नागव्वा शेजारीच उभी होती. ते रडणं आपलं आहे असं तिनं सांगितलं नाही, आजतागायत नाही. सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

कलम ५. माझा आवाज. गाठीचं कळल्यावर आदर्श म्हणाला, "काळजी करू नको. कॉम्प्युटरला तुझं जुनं बोलणं घातलं की तो तुझ्याच आवाजात नवीन बोलतोय." मी विचारलं, "मी गेल्यावर मी काय बोलायचं ते तू ठरवणार व्हय रं?" तर तसं करण्यास माझी सक्त मनाई आहे. कोल्हापूरची कोणी नाटकात काम केलेली पोरगी आणायचं त्याच्या मनात आहे, तिलाही मनाई. ती चांगलं करेल, हीच मला भीती आहे.

म्हणून मराठीतली म्हैस मी नागव्वाला देते. मी जगले पण आवाज गेला, तरी हे कलम लागू धरावं. तिची मराठी अडखळते, ती कोणी सुधारू नये. लोक म्हणतील, मालुबाईची सर नाही. मला तेवढं पुरे. आणि समजा तिनं चांगलं केलंच, तर जिच्यावर जळायचं ती बाई निदान ओळखीची असेल. परक्या पोरीवर जळण्यात काय राम आहे?

नागव्वाला साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही द्यायचं त्याची सही घेऊ नये, असं वकिलांनी सांगितलं आहे. मी तिला "तुझी सही नको" एवढंच म्हणाले. "ऱ्हाऊ दे आक्का, मी परकी की," म्हणून ती परसात भांडी घासत बसली आहे, जरा जोरातच. कारण आज सांगणार नाही. सांगितलं तर लगेच सरावाला बसेल.

कलम ६. मी गेल्यावर नागव्वा रडेल. तिला वेळ लागत नाही. त्या वेळी आदर्शनं मोबाईल, माईक काहीही चालू ठेवू नये. ते रडणं कुठल्याही म्हशीला, कुठल्याही भाषेत लावू नये. ते माझं एकटीचं आहे. त्यात मंगललाही वाटा नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला आणि मगच सही केली.

सही: मालुबाई रवळू होनगेकर

साक्षीदार:
१. भावकू भरमा तरळे, शेजारी, कडोली
२. पारमिता आण्णाप्पा कांबळे, निपाणी

स्थळ: कडोली
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५