चष्मा ठेवल्याशिवाय पान जात नाही

तीर्थरूप दाजींस,

धाकट्या मेव्हण्याचे दोन्ही हात जोडून नमस्कार. आपली पाठ आता कशी आहे? दुकानातल्या उंच स्टुलावर तासन्‌तास बसून काचा घासू नका, असं मी तुम्हाला सांगावं म्हणून अक्काने मला फोनवर बजावलं आहे. मी ते सांगितलं याचा पुरावा म्हणून एवढं वाक्य तिला दाखवा. (पुढचं दाखवू नका. तिच्या पोटात काही राहत नाही, हे मी भाऊ म्हणून लिहितो, तुम्हाला नवरा म्हणून अनुभव असेलच.) इकडे आम्ही सगळे प्रकृतीने उत्तम आहोत. बाकी काय आहोत ते हे पत्र लिहून संपेपर्यंत माझं मलाच कळणार नाही, कारण गेले काही दिवस मी जमिनीवर चालतो आहे की हवेत, याचा पत्ता नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण हल्ली माझ्या फोनला दोन्ही बाजूंचे कान आहेत. म्हणून टपाल.

आमचे थोरले साहेब गेले हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. पक्ष त्यांनी काढला, पक्षाचा पेपर त्यांनी काढला, आणि दोन्ही शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनीच चालवले. मी त्यांच्या पेपरात पहिल्या पानाचा उपसंपादक, म्हणजे रोज संध्याकाळी पानाचा छापील कागद त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणारा माणूस. आमच्याकडे पानावर सही करायची पद्धत कधीच नव्हती. सही केली की जबाबदारी येते, असं थोरले म्हणत. ते पान बघायचे, मग चष्मा काढून पानावर ठेवायचे. ठेवला की पान पास. नाकावरच राहिला की समजायचं, परत जा आणि नीट करून आण. खाली मशीनवर आमचा फोरमन आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात (अंगाने तो तुमच्या दुकानातल्या मोजपट्टीएवढा आहे). तो वर तोंड करून एवढंच विचारायचा, ‘चष्मा ठेवला का?’ आणि ठेवला म्हटल्याशिवाय त्याने उभ्या जन्मात बटण दाबलेलं नाही. पान तो वाचत नाही. वाचणं हे वरच्या मजल्याचं काम, असं त्याचं स्वच्छ मत आहे.

आता साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. पान तयार, काळी चौकट, मोठा फोटो, सगळे रडून रडून लाल झालेले, आणि खालून पैलवान विचारतो, चष्मा ठेवला का. तेवढ्यात मामासाहेब पुढे झाले. हे थोरल्यांचे मेव्हणे. (मेव्हण्यांबद्दल मी वाईट लिहिणार नाही, मी स्वतः त्याच जातीचा आहे.) पेपरची व्यवस्था ते बघतात. त्यांनी स्वतःचा सोनेरी काड्यांचा चष्मा काढून पानावर ठेवला. पैलवान जिना चढून वर आला, वाकून बघितलं, आणि हा तो नव्हे, म्हणून खाली जाऊन बसला. मग थोरल्यांची मुलगी, ताईसाहेब, पुढे झाल्या. पक्षाची सगळी भाषणं, सभा, प्रचार त्या बघतात. त्यांची नजर घारीसारखी आहे, चष्मा कशाला असेल? त्यांनी पर्समधून उन्हातला काळा गॉगल काढला. पैलवान पुन्हा वर आला, पुन्हा बघितलं, आणि या खेपेला कपाळाला हात लावून गेला. शेवटी दोघांनी मिळून जिन्यात उभं राहून त्याला हात जोडले तेव्हा कुठे त्या दिवसाचा अंक निघाला, आणि पुढे रोज तसेच हात जोडावे लागले. पण पाणी कुठे मुरतंय ते दोघांनाही कळलं. ज्याच्या हातात थोरल्यांचा चष्मा त्याचा पेपर, आणि ज्याचा पेपर त्याचा पक्ष.

त्या दिवसापासून कचेरीत निष्ठेचं पेव फुटलं. खिडकीकडचे सगळे ताईंचे, पंख्याकडचे सगळे मामांचे, आणि दरवाजाजवळचे जो आत येईल त्याचे. सकाळी ताई आल्या की अर्ध्या लोकांनी उठून उभं राहायचं, दुपारी मामा आले की उरलेल्या अर्ध्यांनी. काहीजण (मी नावं घेत नाही, पण गुन्ह्यांच्या बातम्या देणारा आमचा वार्ताहर त्यात पहिला) दोन्ही वेळा उठायचे आणि कोणी बघितलंच तर पाय आखडला म्हणायचे. बिल्ले निघाले. ताईंचा निळा, मामांचा पिवळा. त्या वार्ताहराने निळा शर्टावर लावला आणि पिवळा खिशाच्या आतून, आणि एके दिवशी मामांसमोर खिशातून रुमाल काढताना निळाही पडला आणि पिवळाही. राशिभविष्य लिहिणाऱ्याने तर हद्द केली. बाराही राशींना त्याने एकच भविष्य दिलं, ‘घरातील वडीलधाऱ्यांचे ऐका, पण तरुणांना दुखवू नका.’ मला विचाराल तर मी कुठलाच बिल्ला लावला नाही. ताईंच्या माणसांनी विचारलं की सांगायचो, धुवायच्या शर्टाला राहिला. मामांच्या माणसांनाही तेच सांगायचो. शर्ट धुऊन धुऊन विरायची पाळी आली.

आणि दाजी, हे सगळं चाललं असताना तो चष्मा माझ्याकडे होता.

घाबरू नका, चोरलेला नाही. साहेब दवाखान्यात गेले त्या संध्याकाळी उजव्या काडीचा स्क्रू ढिला झाला होता. आमच्या गावात चष्म्याची दुकानं रगड आहेत, पण त्यांना तुमच्याच हातचं काम लागायचं. पानावर ठेवलेला चष्मा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुझ्या दाजींकडे पाठव, तोवर मी जरा पडतो. ते पडले ते उठलेच नाहीत. आता तो चष्मा ताईंना द्यावा तर मामांच्या लेखी मी गद्दार, मामांना द्यावा तर ताईंच्या लेखी. दोघांपैकी कोणीही जिंकलं तरी दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली म्हणून समजा, आणि या वयात मला दुसरं पान कोण देणार? हिने तो धान्याच्या डब्यात खुपसून ठेवला आणि मला म्हणाली, तोंड शिवून बसा. मी बसलो. पण रोज संध्याकाळी पानाची वेळ झाली की हात आपोआप शर्टाच्या टोकाकडे जायचा, कारण इतकी वर्षं साहेबांपुढे पान ठेवण्याआधी त्यांचा चष्मा मीच पुसून द्यायचो. सवय वाईट हो. माणूस गेला तरी सवय त्याची वाट बघते.

शेवटी ठरवलं, हे लफडंच नको, सरळ तुमच्याकडे पार्सल करून टाकू. म्हणून त्या दिवशी तो खिशात घालून निघालो. नेमका त्याच दिवशी पक्षाचा नवा नेता जाहीर व्हायचा होता. मथळा आधीच ठरला होता, ‘यापुढे यांच्याच नेतृत्वाखाली’. त्याखाली भली मोठी चौकट, तिच्यात फोटो. ताईंकडून फोटो आला, मी लावला. मामांचा माणूस आला, मी ताईंचा काढून मामांचा लावला. मग ताईंचा माणूस, मग पुन्हा मामांचा. पान म्हणजे धर्मशाळा झाली. कंटाळून मी दोन्ही काढले, चौकट रिकामी ठेवली आणि म्हटलं, आधी तुमचं ठरू दे. तसाच कागद थोरल्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. टेबलाच्या एका अंगाला ताई, दुसऱ्या अंगाला मामा, आणि दोघांची अशी जुंपली की त्यांच्यामागे उभे असलेले निळे-पिवळेसुद्धा कुणाची बाजू घ्यायची ते विसरले. घड्याळात पानाची वेळ झाली. आणि डोकं चालेनासं झालं की माणूस सवयीचं काम करतो. मी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि साहेब समोर बसलेत अशा थाटात पानावर ठेवला. भांडणाच्या नादात टेबलाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

जिन्यातून पैलवानाचं डोकं वर आलं होतं. त्याने चष्मा बघितला. पान बघायचा त्याचा प्रश्नच नव्हता. ‘ठेवला रे,’ एवढं ओरडून तो खाली गेला आणि पुढच्या क्षणी सगळी इमारत थरथरायला लागली. मशीन सुरू झालं. वरचं भांडण एकदम थांबलं. ताईंना वाटलं आपल्या माणसांनी काम फत्ते केलं, मामांना वाटलं आपल्या, आणि दोघंही गालातल्या गालात हसत आपापल्या गाडीत बसून गेली. मी चष्मा खिशात घालून घरी आलो आणि जेवलो नाही.

सकाळी गावभर तो अंक. ‘यापुढे यांच्याच नेतृत्वाखाली’, आणि खाली काहीही नाही. दाजी, आमचा पेपर इतका कधी खपला नव्हता. नाक्यावरच्या विक्रेत्याने आमच्या घरी टाकलेला अंकसुद्धा विकायला परत मागवला. पक्षाच्या प्रत्येक गल्लीतल्या प्रमुखाने चौकटीत स्वतःचा फोटो चिकटवून अंक दाराला लावला. एकाने तर लग्नातला फोटो लावला, त्यामुळे आता त्याची बायकोही नेतृत्वात आहे. आमच्या न्हाव्याने चौकट कापून अंक आरशावर डकवला आहे, जो दाढीला बसतो तो नेता होऊन उठतो. विरोधकांच्या पेपराने या धाडसाबद्दल आमचं अभिनंदन केलं. आणि जुने कार्यकर्ते, ज्यांनी साहेबांबरोबर उन्हातान्हात पायपीट केली, ते म्हणाले की बरोबर आहे, ती जागा रिकामीच राहणार. कचेरीच्या दारात एक म्हातारा तो अंक छातीशी धरून उभा होता. त्याला पाहून मला जिन्यात बसून रडू आलं, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही.

दुपारी दोघांनी एकत्र बोलावलं. हिने सकाळीच इस्त्रीचा शर्ट दिला होता, काढून टाकतील तेव्हा बरे दिसाल म्हणाली. आत गेलो तर ताईंनी खुर्ची दिली आणि मामांनी चहा सांगितला. ताईंचा समज असा, की मामांचा फोटो जाऊ नये म्हणून मी छातीचा कोट केला. मामांचा समज नेमका तोच, ताईंबद्दल. मी दोघांनाही नाही म्हटलं नाही. मग प्रश्न आला, चष्मा कुठाय? मी तो टेबलावर ठेवला. आणि गंमत बघा, ज्याच्यासाठी महिनाभर उभा दावा मांडला होता त्याला दोघांपैकी एकानेही हात लावला नाही. आधी हात पुढे करेल तो हावरा दिसेल ना. चष्मा मध्ये पडलेला, ढिली काडी लोंबतेय, आणि दोघं एकमेकांच्या हातांकडे बघतायत. शेवटी मीच म्हटलं, साहेबांनी हा दुरुस्तीला आमच्या दाजींकडे पाठवायला सांगितला होता. दोघांनी असा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद उडाले. ताबडतोब ठरलं: चष्मा दुरुस्त होऊन येईपर्यंत नेता ठरवायचा नाही, आणि तोवर पान मी पास करायचं. पैलवानाला विचारलं. तो म्हणाला, पुसणारा चालेल.

तर दाजी, सध्या संध्याकाळी साहेबांच्या टेबलाशी मी बसतो. खुर्चीचा मोह मला कधीच नव्हता, आजही नाही. (खुर्ची मात्र मऊ आहे.) तुम्हाला एक गोष्ट ठाऊकच आहे, कारण काचा तुमच्या हातच्या. शेवटची काही वर्षं साहेबांना त्या चष्म्यातून वाचता येत नव्हतं. मीच पान वाचून दाखवायचो. ऐकून झालं की ते एकच विचारायचे, ‘यातलं खोटं छापून कुणाच्या घरी उगाच रडारड होणार नाही ना?’ मी नाही म्हणालो की चष्मा ठेवायचे. आता हा प्रश्न मी स्वतःलाच मोठ्याने विचारतो. लोकांना वाटतं म्हातारा बडबडतो. पण परवा एक बातमी मी त्यापायी काढली, ताईंच्या बाजूची. काल एक काढली, मामांच्या बाजूची. दोघंही मुकाट राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला नोकरी आवडायला लागली आहे, काय लिहू.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाठीला शेक द्या.

आपला आज्ञाधारक मेव्हणा

ता. क. चष्मा परवा तुमच्याकडे पोचेल. एक निळा आणि एक पिवळा असे दोघं मिळून तो आणत आहेत, एकमेकांवर नजर ठेवून. त्यांच्यासमोर काडी हलवून बघा, भिंगाने पाहा आणि मान हलवा. बोलू नका. तुमचं मान हलवणं कुणालाही घाबरवण्याइतकं चांगलं आहे, माझ्या लग्नात मी ते पाहिलं आहे.

ता. क. चा ता. क. स्क्रू पिळायचं काम क्षणाचं आहे, हे मला ठाऊक आहे. पण साहेबांच्या वस्तूला घाई शोभत नाही. असला स्क्रू आता निघत नाही, बाहेरून मागवला आहे, कधी येईल सांगता येत नाही, असं त्यांना सांगा. पुढची निवडणूक होईपर्यंत तो येऊ नये अशी व्यवस्था झाली तर साहेबांच्या आत्म्याला शांती मिळेल.

आणखी एक, हे अक्कालाही सांगू नका. तसाच एक चष्मा मला करून पाठवा. फ्रेम हुबेहूब तीच हवी. काचा मात्र माझ्या नंबरच्या.