लोखंडी बाईची पापणी

मी, डोंगरसिंग वल्द हरिसिंग आडे, वय अंदाजे बहात्तर, मराठी तिसरी पास, राहणार बोरीचा तांडा, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. मी नशेत नाही. कोणी धाक घातलेला नाही. अक्षर हलते ते वयाने. डोके शाबूत आहे, नको तितके शाबूत आहे, जरा बसू देत नाही. याआधी दोनदा लिहून फाडले. हे तिसरे.

एक. राहते घर व नाल्याकाठची चार एकर पऱ्हाटीची (कापसाची) जमीन माझा मुलगा नेमसिंग यास द्यावी. घराच्या मागच्या भिंतीला ओल आहे. तीन वर्षे सांगत आहे. मी गेल्यावर तरी ऐकावे.

दोन. बैलगाडीही नेमसिंगची. डाव्या चाकाला वंगण जास्त लागते.

तीन. पत्र्याचा भोंगा भगवानराव मास्तरांच्या शाळेला द्यावा. हा तोंडाला लावून मी नऊ वर्षे पुंडलिकरावांच्या फिरत्या सिनेमात पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगितली. तेव्हा चित्रे मुकी होती व मधली अक्षरे विलायती. आमच्या वडिलांनी बैलांवर मीठ वाहिले, मी गाडीवर फितीच्या पेट्या वाहिल्या. पुंडलिकरावांनी नऊ वर्षांत मला एकदाही बसायला स्टूल दिले नाही. त्यांना माझ्या तेराव्याला बोलावू नये. आपणहून आले तर उभे ठेवावे.

चार. एक गोल डबा आहे. त्यात लोखंडी बाईच्या खेळाची चौथी फीत आहे. फाटली म्हणून पुंडलिकरावांनी फेकली, मी उचलली. ही फीत कापसापेक्षा लवकर पेटते. नेमसिंगने नाल्यापलीकडे खोल पुरावी आणि तोपर्यंत बिडी ओढू नये.

या खेळाची माहिती आता दुसऱ्या कोणाजवळ नसेल, म्हणून लिहून ठेवतो. घड्याळे बनवणारा एक म्हातारा मेलेल्या मुलीच्या जागी लोखंडाची मुलगी बनवतो. खेळात चुका आहेत. पहिल्या फितीत म्हाताऱ्याचा हातमोजा उजव्या हातात आहे, तिसरीत डाव्या. भिंतीवरचे घड्याळ सगळ्या खेळात साडेचार दाखवते. पेटीबरोबर छापील कागद आला होता, तो दारव्ह्याच्या स्टेशनमास्तरांनी मला वाचून सांगितला. लोखंड खोटे होते. कागदाचा लगदा आणि वरून रुपेरी रंग. आत एकोणीस वर्षांची नटी उभी असे. तिला बसता येत नसे, फळीला टेकवून ठेवत. दोनदा चक्कर येऊन पडली. चौथ्या फितीत म्हातारा तिच्या तोंडाजवळ दिवा नेतो, तेव्हा डोळ्याच्या भोकात पापणी हलते. ती चूक आहे. उजेडाने आतल्या पोरीचा डोळा मिटला.

मी हे पुंडलिकरावांना दाखवले. ते म्हणाले, "अबे डोंगऱ्या, चूक कायले सांगतं लोकायले? जीव आला म्हण, जीव!" सन १९३१ च्या हिवाळ्यात महागावच्या बाजारात मी भोंग्यातून ओरडलो, "पाहा मंडळी, जीव आला!" लोक उठून उभे राहिले. त्यांत आमच्या तांड्याची रुपीबाई होती.

पाच. माझ्या पेटीत तळाशी निळ्या फडक्याचे बोचके आहे. त्यात आठ वर्षांच्या मुलीचा घागरा व आरशांची कांचळी (चोळी) आहे. हे रुपीबाईच्या मुलीचे, धनीचे. धनी पटकीने गेली, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. खेळाच्या दुसऱ्या दिवशी रुपीबाई बोचके घेऊन गाडीशी आली. म्हणाली, "भिया, खेळवाल्या साहेबायले म्हणा, माही धनीबी तशीच लोखंडाची बनवा, माप यातून घ्या. डावा हात जरासा आखूड होता तिचा, तसाच ठेवा म्हणा."

तेव्हाच खरे सांगायचे होते. तोंडातून निघाले, "पेटीसंगं मुंबईले धाडतो."

धाडले नाही. दर बाजारच्या दिवशी ती विचारायची, "चिठ्ठी आली का?" मी म्हणायचो, "काम चालू हाय." मग तिने विचारणे सोडले. बाजारच्या दिवशी दारासमोर उभी राहून नुसती पाहते. मी विहिरीला लांबून फेरा घालून जातो. मी मेल्यावर पेटी उघडेल, बोचके निघेल, आणि तांडा तिला सांगेल. ही धास्ती मला खाते. तरी नेमसिंगने बोचके गुपचूप तिला द्यावे व सांगावे की माप जुळले नाही, विलायतेहून परत आले.

कलम पाच रद्द समजावे. कारण पुढे लिहितो.

आज साक्षीसाठी भगवानराव मास्तर आले. दुसरे साक्षीदार फुलचंद दुकानदार ठरले होते, ते बाजाराला निघून गेले. मास्तरांनी अंगणापुढून जाणाऱ्या रुपीबाईला हाक मारली, "या बाई, अंगठा द्या." मी म्हणालो, उद्या करू. मास्तर म्हणाले, "तुमचा उद्या मी दोन महिने ऐकून राह्यलो."

रुपीबाई बसली. "काय लिवलं ते वाच. ऐकल्याबिगर मी अंगठा देत नसते."

पाचवे कलम गाळता आले असते. मास्तर कागदात डोकावत होते म्हणून वाचले असे मी म्हणणार नाही. वाचले. नेमसिंगला सांगितलेले खोटेही वाचले.

रुपीबाई म्हणाली, "पापणी तर हालली होती. म्या पाह्यली."

"आत पोरगी होती, बाई."

"तिले बाहेर काढलं का मंग?"

"काढलं असंल."

"असंल नाही. कागदात काय होतं?"

"रोज सांजेले काढत."

"म्हंजे तिच्या मायले ते रोज सांजेले भेटे. आन मले तू तीस वरसं उभं ठेवलं."

मी म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, "चुकलं कायचं? तुले मालूम होतं."

मी पेटी उघडून बोचके तिच्यापुढे ठेवले. तिने कांचळीच्या डाव्या बाहीत दोन बोटे घालून पाहिली. घडी घालून कमरेला खोचली आणि मास्तरांना म्हणाली, "आणा शाई."

मास्तर अडले. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असा कायदा आहे म्हणाले.

"हा मले काय देते?" रुपीबाई म्हणाली. "माझं होतं, मी घेऊन चालली. लिव तसं."

तसे लिहितो. सदर बोचके कधीही माझ्या मालकीचे नव्हते, सबब ते या मृत्युपत्रात येत नाही. बाकी कलमे कायम.

सही: डोंगरसिंग हरिसिंग आडे

साक्षीदार:
१. भगवानराव देवसरकर, शिक्षक (सही)
२. रुपीबाई फकिरा राठोड, डाव्या हाताचा अंगठा. सर्व वाचून दाखवले, तिने ऐकले.

ठिकाण: बोरीचा तांडा
दिनांक: १२ मार्च १९६१