अर्ध्यावरचा झेंडा

मार्स्टाल, संध्याकाळ

प्रिय एस्किल,

या पत्राला पत्ता नाही, तरी लिहितेय. आज बाबांना पोचवून आलो. पेपरात पानभर आलंय, चाळीस जहाजांचा मालक, बंदर उभं करणारा माणूस वगैरे. मला वाचवेना.

तुझं जहाज गेलं त्याला बावीस वर्षं झाली. पण कंपनीचा झेंडा बाबांनी अर्ध्यावर आणलाच नाही. "जहाजाला उशीर झालाय, बुडालं कोण म्हणतं?" एवढंच म्हणायचे. मालकाचाच झेंडा वर, मग गावात कोण उतरवणार? तुझ्याबरोबरच्या अकरा जणांच्या बायकांना धड रडताही आलं नाही. मीही बाबांपुढे तोंड उघडलं नाही. रोज तुझं ताट मांडत राहिले.

आज बाबांसाठी सगळ्या गावाचे झेंडे अर्ध्यावर होते. दफन उरकल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी ते पुन्हा वर चढवले. आपला राहिला होता. म्हातारा व्हिगो मुकादम दोरी धरून म्हणाला, "ताई, मालकांचं झालं की. चढवू ना?"

"राहू दे. एस्किलचं व्हायचंय अजून."

त्यानं टोपी काढली. समोरून तुमच्या कप्तानाची बायको बाहेर आली, आपल्या झेंड्याकडे बघत राहिली, आणि तिनं स्वतःचा परत अर्ध्यावर आणला. मग तिच्या शेजारणीनं. सूर्य मावळेपर्यंत अकराही घरांचे झेंडे अर्ध्यावर आले होते.

फार दमलेय रे. आज जेवायला एकच ताट घेतलं.

तुझी ताई,
गुद्रुन