नवऱ्याचं घोरणं आणि माझं दुखणं

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. डॉक्टरीणबाईंचा हुकूम: कधी दुखतं, किती दुखतं, तेव्हा मनात काय चाललेलं असतं, सगळं लिहा. मनात काय चालणार? योनीच्या तोंडाशी निखारा ठेवल्यासारखं होतं, तेव्हा माणसाला काही थोर विचार सुचत नाहीत. रिपोर्ट सगळे नॉर्मल. बाई म्हणाल्या, दुखणं शंभर टक्के खरं आहे, पण भीतीने तिथले स्नायू आवळतात आणि आणखी दुखतं. तेव्हा मलम लावा, व्यायाम करा आणि समुपदेशकाकडेही जा. मी काय वेडी आहे? भीती मला कशाचीच वाटत नाही. चिठ्ठी पर्समध्ये कोंबली.

६ मार्च
ऑफिसात खुर्ची सोडली. दुखतं म्हणून नव्हे. बसून बसून माणसं लवकर मरतात, आणि विमा कंपनीतल्या बाईला एवढं तरी कळायला हवं. जुन्या फायलींचे गठ्ठे रचून त्यावर कॉम्प्युटर चढवला. शेजारच्या टेबलवालीने हळूच विचारलं, मूळव्याध का? काहींची झेपच तेवढी.

७ मार्च
जीन्स भाचीला देऊन टाकल्या. सायकलही. सैल कपडे आणि पायी चालणं मला मुळातच शोभतं.

११ मार्च
काल नवरा जवळ सरकला आणि माझं अंग लाकूड झालं. त्याने फक्त पांघरूण ओढलं होतं म्हणा. तरी सांगून टाकलं, तू फार घोरतोस, मी हॉलमध्ये झोपते. किती सुटसुटीत! चर्चा नाही, रडारड नाही, कोणाचं मन दुखावलं नाही. हे आधीच कसं सुचलं नाही मला?

१९ मार्च
नवऱ्याने भलतंच मनावर घेतलंय. कुशीवर झोपतो, गुळण्या करतो, नाकात थेंब टाकतो. काय तर म्हणे, रात्रभर मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं, काहीच ऐकू आलं नाही. म्हटलं, माइक बिघडला असेल.

२१ मार्च
त्याने नवीन मोबाइल आणला. असला नवरा मिळायला नशीब लागतं. थोडा बावळट आहे, एवढंच.

२ एप्रिल
समुपदेशकबाईंकडे जाऊन आले, केवळ डॉक्टरीणबाईंचा मान राखायला. पोरसवदा बाई, आवाज असा की समोर तान्हं बाळ आहे. म्हणाली, बसा. म्हटलं, उभी बरी. दुखेल म्हणून काय काय सोडलंत? म्हटलं, काहीच नाही. घरी कोणाला माहीत आहे? म्हटलं, नवऱ्यापासून मी काहीही लपवत नाही. मग पुढच्या वेळी त्यांनाही आणा, म्हणाली. तो फार बिझी असतो, म्हटलं. शेवटी पोट सैल सोडून श्वास घ्यायला शिकवलं. श्वास मी जन्मल्यापासून घेतेय, तोही फुकट. पुन्हा जायचं नाही.

१० एप्रिल
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणे मीटिंगमध्ये तुम्ही क्लायंटच्या डोक्यावर उभ्या राहता, त्याला वाटलं आपल्याला हाकलताय. बसा नाहीतर कारण सांगा. म्हटलं, कारण वैचारिक आहे. साहेबांना विचार म्हटलं की घाम फुटतो. विषय संपला.

११ एप्रिल
विषय संपला नव्हता. मला रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. तिथे खुर्चीच नाही. म्हणजे जिंकले मीच.

१५ एप्रिल
मोठ्या नणंदबाई आल्या होत्या. हॉलमधली गादी त्यांनी नीट बघून घेतली. जाताना दारात म्हणाल्या की तो म्हणत होता, हिला माझी किळस येते का ते बघ. काहीतरीच! उद्या त्याला नीट समोर बसवून सगळं सांगायचं.

१६ एप्रिल
नाही सांगितलं. त्याची मॅच होती.

१८ एप्रिल
नाही सांगितलं. मॅच नव्हती, पण तो खुशीत होता. कशाला विरस?

२४ एप्रिल
नवरा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी. पलंगावर ऐसपैस झोपले. झोप मात्र लागली नाही. गादीच खराब आहे.

२६ एप्रिल
आला. दोन्ही नाकपुड्यांत बोळे, डोळे सुजलेले. बाहेरगावी गेलाच नव्हता, ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले म्हणे, नाकाचं हाड वाकडं आहेच, सरळ करून टाकू. असल्या डॉक्टरला काय म्हणावं? आणि असल्या बायकोला?

तोंडाने श्वास घेत म्हणाला, "आता घोरणं बंद. येशील ना आत झोपायला?"

नवं कारण शोधत होते. एकही सापडेना. मग सांगितलं. योनी हा शब्द त्याच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारला. म्हटलं, तिथे आग होते, तू नुसती कूस बदललीस तरी मला भीती वाटते, आणि किळस मला कधीच आली नाही.

त्याने नाकातला बोळा चाचपला. मग म्हणाला, "म्हणजे मी घोरत नव्हतो?"

"नाही."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी विचारलं, नाक फार दुखतंय का?

"नाक नाही," म्हणाला.