दिवस असताना ये

॥ श्रीवीतरागाय नमः ॥

निपाणी, बुधवार, ता. ३१ मार्च १९३७
फाल्गुन वद्य ५

चि. कुंथुनाथ यास ब्राह्मीआक्काचा आशीर्वाद व जयजिनेंद्र.

तुझं सोमवारचं पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम आहे. आईची प्रकृती बरी आहे. ऊन मात्र होळीच्या आधीपासूनच तापायला लागलंय, आणि मळ्यातला तंबाखू सोप्यात येऊन पडल्यापासून शिंकल्याशिवाय कुणाला आत-बाहेर करता येत नाही. सौ. जयाला सांग, शेवया आणि सांडगे वाळले की गुंडूबरोबर पाठवते. गेल्या वर्षीसारखे मोडणार नाहीत, या खेपेला डब्यात घालते.

तू लिहितोस की आप्पा आणि अण्णा या दोघांच्या चरित्राची आठ पानी पुस्तिका खडेबाजारातल्या छापखान्यात द्यायची आणि महावीर जयंतीला इथे बस्तीत देवदर्शनाला येणाऱ्यांना वाटायची. म्हणून मी दोघांच्या आठवणी लिहून पाठवाव्यात आणि "विशेषतः अण्णांचा अंतिम क्षण सविस्तर लिहावा." मास्तर झाल्यापासून तू बहिणीलाही निबंधाला विषय देतोस. बरं, लिहिते. शुद्धलेखन तू बघ.

सुरुवात आप्पांपासून करावी लागेल, कारण अण्णांचं सगळं आप्पांच्या मागून. थोरले भाऊ कलगोंडा पुढे आणि धाकटे आदगोंडा, म्हणजे आपले अण्णा, आठ दिवसांनी मागे, हे साऱ्या निपाणीला पाठ होतं. आप्पांनी खिलारी बैल घेतले की पुढच्या बाजाराला अण्णांच्या दावणीला खिलारी. आप्पांनी तंबाखू लावला की अण्णांचाही तंबाखू, मग जमीन जोंधळ्याची का असेना. छत्रीची गोष्ट तर तुझ्या जन्माआधीची. आप्पा कोर्टाच्या कामाला बेळगावला गेले आणि येताना काळी छत्री घेऊन आले. आठव्या दिवशी अण्णा त्याच दुकानात हजर. दुकानदार म्हणाला, तसली संपली, एकच राहिलीय, ती बायकी, मुठीवर पोपट असलेली. अण्णांनी तीच घेतली आणि बत्तीस वर्षं वापरली. कुणी हसलं तर म्हणायचे, "उनाला काय कळतंय रं, मूठ कसली हाय त्ये?" ती अजून खुंटीला आहे. आई कुणाला हात लावू देत नाही.

आप्पांनी सगळे दात काढून घेतले तेव्हा अण्णांनीही वैद्याला बोलावणं धाडलं होतं. त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात धड होते. आईने वैद्याला दारातूनच ताक पाजून परत पाठवलं. हे छाप. लोक हसतील, पण ते दोघे कसे होते ते त्यांना कळेल.

आप्पांनी अन्नपाणी सोडून घेतलेल्या समाधीविषयी लिहायला मला काही अडचण नाही. ऐंशी वर्षांचं शरीर, दोन घास पोटात ठरत नव्हते. मुनिमहाराजांनी चार दिवस पाहिलं, खोदून खोदून विचारलं आणि मगच होकार दिला. आधी अन्न सुटलं, मग दूध, मग ताक, मग उकळलेलं पाणी. कार्तिकात ते गेले तेव्हा मी पायाशी बसले होते. त्यांनी काही मागितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "ब्राह्मे, गाईला पेंड घातली का बघ जा." मी बघून आले, घातली होती, तसं सांगितलं. तासाभराने गेले.

त्यांना बस्तीवरून नेलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हता. तू पुढे खांदा दिला होतास, म्हणून तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. अण्णा त्या गर्दीकडे बघत होते. तो चेहरा मला छत्रीपासून ठाऊक होता.

अण्णांच्या पोटात दुखायचं हे खरं, आणि वैद्यानं गाठ आहे म्हणून सांगितलं हेही खरं. पण ते जेवत होते, मळ्यापर्यंत चालत जात होते. अण्णांनीही समाधी मागितली तेव्हा महाराजांनी विचारलं, "दुखणं सोसवत नाही म्हणून, की कुणाचं बघून?" अण्णा म्हणाले, "दोन्ही न्हाय." त्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांचं खोटं लगेच ओळखू यायचं. मी ओळखलं आणि गप्प बसले; महाराज होकार देऊन पुढच्या गावी गेले. हे छापू नकोस.

शेवटच्या क्षणाचं उद्या लिहिते. आईची ताक घ्यायची वेळ झाली. तिची प्रकृती बरी आहे.

गुरुवार, ता. १ एप्रिल, सकाळ

कालचं वाचून पाहिलं. आईची प्रकृती बरी असल्याचं मी दोनदा लिहिलंय. ती बरी नाही, कुंथू.

अण्णांना पोचवून तू बेळगावला परत गेलास त्या आठवड्यात तिने गूळ सोडला. आपल्या घरात कुणी गूळ सोडला तर नवल कसलं? मग तूप सोडलं. मग मीठ. मग एकवेळचं जेवण. होळीच्या दिवशी पुरणाचा घाट घातला, सगळ्यांना वाढलं आणि स्वतः भाकरीलाही हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "जड हुतीया गं, ताक घेतीया न्हवं." दोन दिवस मीही तसंच समजले. मग रविवारी तिचं ताक वासरापुढे ओतलेलं पाहिलं.

महाराज इथे नाहीत. तिने कुणाची परवानगी घेतली नाही, नियम घेतला नाही, कुणाला एक शब्द बोललेली नाही. शरीर चौसष्टचं, पण खणखणीत. परवा शेजारच्या शालूबाई येऊन गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "आईच्या तोंडावर तेज आलंया गं." मला तेज दिसत नाही. मला गालाची हाडं दिसतात.

रोज सकाळी विहिरीवर तीच जाते. दुहेरी फडक्यातून पाणी गाळते, गाळणं उलटं करून त्यातले जीव पुन्हा विहिरीत सोडते, पाणी उकळते आणि घरातल्या सगळ्यांची भांडी भरून ठेवते. मंगळवारी तिचं स्वतःचं फुलपात्र कोरडं होतं. बुधवारीही कोरडं. काल मी तुला सांडगे मोडणार नाहीत म्हणून लिहीत होते, तेव्हा तिच्या पोटात दोन दिवस पाण्याचा थेंब नव्हता आणि मला ते ठाऊक होतं.

याचं कारण मला कळलंय असं वाटत होतं. अण्णांचे शेवटचे शब्द. "माझ्यासाठी णमोकार थांबवू नका." पूजा सांगणाऱ्या उपाध्यांनी ते बस्तीत सांगितले, तिथून ते चिकोडीपर्यंत गेले, आणि तू ते पहिल्या पानावर ठळक टाइपात घालणार आहेस. घरी येणारा प्रत्येक जण ते आईला म्हणून दाखवतो. असा नवरा पुढे गेल्यावर तिने मागे कशाला राहायचं? या घरात पुढच्याच्या मागून जायचीच रीत आहे.

तर आता ऐक. ते शब्द अण्णांचे नाहीत. माझे आहेत.

पाणी सोडून तिसरा दिवस होता, दुपारची वेळ. सोपा माणसांनी भरला होता, अंगणातही माणसं उभी होती. णमोकार मंत्राचा घोष चालला होता. अण्णांनी माझं मनगट धरलं. एवढा जोर त्या हातात कुठून आला कोण जाणे. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. ते म्हणाले, "पाणी." मग पुन्हा, "ब्राह्मे, पाणी."

उपाध्यांनी विचारलं, "काय म्हणतात?" म्हणणारे सगळे थांबले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

मी म्हणाले, "अण्णा म्हणत्यात, णमोकार थांबवू नका."

लोकांनी आवाज चढवला. कुणी रडलं, कुणी हात जोडले. अण्णांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मनगट सोडलं. दिवस कलायच्या आत गेले.

मी स्वतःला सांगत आले की, जन्मभर मागे राहिलेला माणूस एकदाच आप्पांच्या बरोबरीला आला होता, त्याला तिथून खाली कसं उतरवायचं? हे ऐकायला बरं वाटतं. खरं एवढंच, की मला त्या माणसांची भीती वाटली. महाराज तिथे असते तर म्हणाले असते, मन डळमळलं तर पाणी द्या, नियम माणसासाठी असतो. मी कुणाला विचारलंच नाही. माझा बाप माझ्या हाताला धरून पाणी मागत गेला, आणि मी ते दिलं नाही. दोन महिने हे मी एकटीने गिळलंय.

आज सकाळी विहिरीवर आईला सांगितलं. सांगितल्यावर ती निदान त्यांच्यासारखं जायचं सोडेल असं वाटलं.

म्हटलं, "आई, अण्णांनी पाणी मागितलतं. मी दिलं न्हाय. णमोकाराचं मी माझ्या मनानं सांगितलं. तू त्येंच्यागत जाऊ नगंस. ते तसे गेलेच न्हाईत."

तिने फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. म्हणाली, "ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"उजव्या अंगाला तू बसलतीस, डाव्या अंगाला मी. मला कान न्हाईत व्हय? फुलपात्र माझ्या पदराखाली हुतं. सकाळधरनं भरून घिऊन बसलते. मागितलं तर असावं जवळ म्हनून." मग म्हणाली, "तू णमोकाराचं सांगितलंस आनि मला बरं वाटलं गं. आपल्याला द्यावं लागलं न्हाय म्हनून बरं वाटलं. आता त्येच पाणी माझ्या घशाखाली कसं उतरंल, तूच सांग."

घागर उचलून तिच्या मागून घरी आले.

पाणी उकळून निवल्यावर मी एक तांब्या भरला आणि अण्णा निजायचे त्या जागेपाशी नेऊन ठेवला. तिला म्हटलं, "तू घेतल्याबिगर मी घेत न्हाय."

"तुझं वय हाय व्हय ह्ये करायचं?"

"ह्या घरात वय कोन बघतंय? पुढं कोन गेलं तेवढं बघत्यात."

अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच ती रागावली. समोरच्या भिंतीला टेकून बसली आहे, मी इकडच्या. तांब्या मध्ये आहे. मला वाटलं होतं, लेकीची तहान तिला बघवणार नाही. अजून तरी ती बघते आहे.

आत्ता विचारलं तिने, "काय लिव्हतीस?" मी म्हटलं, कुंथूनं अण्णांच्या आठवणी मागितल्यात. म्हणाली, "छत्रीचं लिव्ह." तिचा आवाज घोगरा झालाय.

तार करणार होते. पण तारेतलं पोस्टातून बाजारात जायला वेळ लागत नाही. आईने पाणी सोडलंय एवढं जरी बाहेर कळलं, तरी दुपारपर्यंत लोक दर्शनाला येतील. सोपा भरेल, णमोकार सुरू होईल. मग त्या सगळ्यांच्या देखत तिला तांब्या उचलता येणार नाही, आणि मलाही नाही. ते एकदा झालंय. म्हणून गुंडूला मोटारीने पाठवते आहे. त्यालाही काही सांगितलेलं नाही, फक्त पत्र तुझ्याच हातात द्यायला बजावलंय.

पुस्तिका थांबव. छापखान्यात जाऊन पहिल्या पानावरची ती ओळ काढायला सांग. तिथे काय घालायचं ते आपण तिघे बसून ठरवू. अण्णांनी पाणी मागितलं हेच घालावं असं आज मला वाटतं. उद्या एवढं धाडस राहील की नाही, सांगता येत नाही.

तू उद्या पहिल्या मोटारीने ये. शाळेला काय सांगायचं ते सांग. सोप्यात माणसं दिसली तर तू घरचा कर्ता आहेस, त्यांना बाहेर काढ, मग कुणाला राग येवो. तांब्या जिथे आहे म्हणून लिहिलं तिथेच असेल. आल्या आल्या आईला काही विचारू नकोस, समजावू नकोस, रडू तर मुळीच नकोस. फुलपात्रात पाणी ओतून तिच्यापुढे धर. अण्णांनी मागितलं तेव्हा तू इथे नव्हतास. त्यांना पाणी नाकारलं नाही असा या घरात एकटा तूच उरलास. तुझ्या हातचं ती घेईल. आधी तिला दे, नंतर मला.

पहिली मोटार चुकवू नकोस. दुसरी इथे पोचेपर्यंत दिवे लागतात, आणि दिवस मावळल्यावर आई पाणी घेत नाही हे तुला सांगायला नको. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने तो नेम एकदाही मोडलेला नाही. तू भरलेलं फुलपात्र घेऊन समोर बसशील, ती तुझ्या तोंडावरून हात फिरवील आणि मान हलवील. मग पुन्हा सकाळ होण्याची वाट बघावी लागेल, आणि तिच्याजवळ तेवढ्या सकाळी आहेत असं मला वाटत नाही.

दिवस असताना ये.

दाराकडे नजर लावून बसलेली,
तुझी आक्का,
ब्राह्मी